मान उजवीकडे, दहापर्यंत मोजा

व्यायाम क्रमांक चार करत असताना, सहा आणि सात या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, तिच्या उजव्या हाताला आठवलं की मंगळवारी आपण एक स्लाइड अर्धीच पाहिली. तिला नव्हे, हाताला. तिला स्वतःला मंगळवारचं काहीच आठवत नव्हतं, आणि आठवावं असं काही मंगळवारी घडतही नाही. गुरुवार होता, सकाळचे पावणेसात. फ्रिजच्या दारावर चार चुंबकांनी धरलेला तक्ता होता आणि तक्त्यावर सात चित्रांमध्ये एक टकला, नाकडोळे नसलेला माणूस निरनिराळ्या तऱ्हेने मान वळवत होता. नाकडोळे नसल्यामुळे त्याला दुखतंय की बरं वाटतंय हे कळायला मार्ग नव्हता. क्रमांक चार: उजवा हात सरळ, छातीसमोरून डावीकडे; डाव्या हाताने कोपराशी धरून हलके ओढा; दहापर्यंत मोजा; सोडा. मोजण्याचं खातं नवऱ्याकडे होतं. तो शाळेत भूगोल शिकवतो, आणि एकेक खंड पस्तीस मिनिटांत संपवण्याची सवय असल्यामुळे दहा आकडे त्याच्या तोंडून चार सेकंदांत पार होतात. "सहा," तो म्हणाला, आणि चहाचा घोट घ्यायला थांबला. त्या थांबण्यात हात म्हणाला, हे परवा एकदा झालं नव्हतं. "सात-आठ-नऊ-दहा. सोड." तिने हात सोडला नाही. "अगं सोड की. दहाच्या पुढचं मला येत नाही."

ती स्लाइड पाहते. हेच तिचं काम, आणि ते कोणाला सांगितलं की त्याला वाटतं ती अंधाऱ्या खोलीत पडद्यावर फिरायला गेलेल्या लोकांची चित्रं पाहत बसते. दवाखान्यांतून बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी घेतलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून प्रयोगशाळेत येतात. त्या बायकांना काही होत नसतं. व्हायच्या आधीच पाहावं म्हणून त्यांना बोलावलेलं असतं. एका पट्टीवर हजारोंनी पेशी, आणि त्यांतल्या वाईट वळणाला लागलेल्या असल्याच तर आठ-दहा. त्या मायक्रोस्कोपखाली शोधायच्या. नसतील तर 'सर्व ठीक, तीन वर्षांनी या' असा कागद जातो, आणि ती बाई तीन वर्षं निर्धास्त राहते. दिवसाला साठ स्लाइड, अठरा वर्षं. पट्टी वरून खाली, जरा बाजूला, खालून वर, शेत नांगरावं तशी ओळीओळीने पाहायची. जसजशी ती संपत येते तसतसा तिला धरून ठेवणारा मंच डावीकडे सरकत जातो, आणि शेवटची ओळ झाली की तो इतका डावीकडे गेलेला असतो की चिमटा उघडून स्लाइड काढायला उजवा हात अंगासमोरून चार बोटं पलीकडे न्यावा लागतो. अर्धी पट्टी बाकी असेल तर मंच मध्येच असतो, हात न्यावा लागत नाही. एवढीच गोष्ट. दिवसातून साठ वेळा खांद्याला बसणारा तो बारीक ताण मंगळवारी एकोणसाठ वेळा बसला होता, आणि हे खांद्याने दोन दिवस स्वतःजवळ ठेवून गुरुवारी, फ्रिजसमोर, भूगोलाच्या शिक्षकाच्या देखत जाहीर केलं होतं.

मानेचं दुखणं पाच महिन्यांचं. आधी उजवीकडे वळताना ओढ, मग कळ, मग वळणंच बंद. जेवायच्या टेबलावर नवरा तिच्या उजवीकडे बसतो, म्हणजे तिच्यापुरता तो आवाजाच्या रूपाने शिल्लक राहिला होता. त्याने मिशी काढली हे तिला तीन आठवड्यांनी बेसिनच्या आरशात कळलं. "माझ्याकडे बघता येत नाही हे दुखणं आहे की मत?" त्याने विचारलं होतं. मान दुखते म्हटल्यावर ज्याला स्वतःची मान आहे असा प्रत्येक माणूस सल्ला देतो. आई फोनवर म्हणाली, उशी काढ. शेजारीण म्हणाली, उशी जाड घे. आईला शेजारणीचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तिला काय कळतंय, ती पालथी झोपते," आणि शेजारीण पालथी झोपते हे आईला कोणी सांगितलं हा विचार करण्यात तिचा एक दिवस गेला. शेवटी डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून आणायला लावला, चित्रात मणके एखाद्या जुन्या कंगव्यासारखे दिसले, आणि ती फिजिओकडे गेली. फिजिओ तिशीतली, दंडांनी भरलेली, बोलायला चटपटीत. तिने समोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "खांदे सोडा."

"सोडले."

"नाही सोडले."

"सोडलेत की हो."

"मग हे कोणाचे आहेत?" असं म्हणून फिजिओने दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर ठेवले आणि सावकाश दाबले. खांदे चांगले दोन बोटं खाली गेले. ती चकित झाली. इतकी वर्षं आपण ते कानांपाशी नेऊन ठेवले होते आणि घरात, ऑफिसात, फोटोत कोणाला ते खटकलं नव्हतं. "एवढं काय धरून ठेवता?" फिजिओने विचारलं. "काही नाही हो. स्लाइड्स." "त्या खांद्यावर ठेवता का?" दोघी हसल्या. हसताना खांदे परत वर गेले, फिजिओने परत खाली दाबले. मग सात व्यायाम, तक्ता, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, आणि एक ताकीद: दर वीस मिनिटांनी टायमर लावायचा, वाजला की डोकं वर, हनुवटी आत, मान डावीकडे दहा, उजवीकडे दहा. "वाजला की लगेच. हातातलं काम पुरं करते म्हणाल तर ते कधीच पुरं होत नाही, मला माहितीये." फिजिओचं खरं होतं. पण फिजिओ स्लाइड पाहत नाही.

कारण स्लाइड पाहणाऱ्यांचा नियम उलटा आहे. पट्टी सुरू केली की डोळा उचलायचा नाही. फोन वाजो, चहा येवो, कोणी निवृत्त होवो. शेवटच्या ओळीपर्यंत जायचं आणि मग डोकं वर काढायचं. अगदीच उचलावा लागला तर सोबतच्या फॉर्मवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवायची, म्हणजे परत बसल्यावर पहिल्यापासून पाहता येतं. ती हे दोन्ही नियम तीन आठवडे एकत्र पाळत होती, म्हणजे टायमर मध्येच वाजला की पेन्सिल, मग मान. तिच्या फॉर्मांवर इतके ठिपके झाले होते की त्यांना पुरळ आल्यासारखं दिसे. मंगळवारी दुपारी टायमर वाजला. तिने हनुवटी आत घेतली, मान डावीकडे नेली, मग उजवीकडे न्यायला लागली, आणि नेहमीच्या जागी अडायच्या ऐवजी मानेत कट्ट असा आवाज झाला, ओल्या फांदीसारखा नव्हे, कडी निघाल्यासारखा, आणि मान पुढे गेली. नुसती गेलीच. खांद्याच्या वर, मागे, जिथे पाच महिने तिचं जग संपत होतं त्याच्या पलीकडे. तिथे खिडकी होती. खिडकी आहे हे तिला माहीत होतं, पण ती तिला बाजूने येणारा उजेड म्हणून माहीत होती. आता तिच्यात समोरच्या इमारतीची गच्ची होती, गच्चीवर एक जाडा माणूस चादर वाळत घालत होता, आणि चादर वाऱ्याने उलटी येऊन दर वेळी त्याच्याच अंगावर पडत होती. त्याने तीन वेळा घातली. तिने तिन्ही वेळा पाहिलं. मानेतून पाठीत काहीतरी कोमट उतरत होतं. इतकं बरं वाटलं की तिला कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगण्यासारखं काही नाही हेही बरं वाटलं. मग ती वळली, आणि हाताने समोरची स्लाइड काढून दुसरी लावली. पेन्सिल नाही, खूण नाही. म्हणजे आळस नव्हता, झोप नव्हती, डोक्यात घरची कटकट नव्हती. बरं वाटलं म्हणून चूक झाली होती. पाच महिने दुखत असताना तिचा हात असा कधी चुकला नव्हता.

त्यातून कुठली स्लाइड हे कळायला मार्ग असायला हवा होता. नियमाप्रमाणे प्रत्येक स्लाइड पाहून झाली की तिच्या फॉर्मवर टिक करायची. पण त्या खोलीत कोणी तसं करत नसे. वीस स्लाइडचा ट्रे संपला की वीस टिका एकदम, पत्ते वाटावेत तशा, फटाफट. त्याने दिवसाकाठी दहा मिनिटं वाचत, आणि त्या दहा मिनिटांत दुसरा चहा होई. ही पद्धत कोणी सुरू केली हे कोणाला ठाऊक नव्हतं. ती खोलीच्या रंगासारखी आधीपासून होती. तेव्हा मंगळवारच्या तीन ट्रेंमधल्या साठही फॉर्मांवर टिका होत्या, सगळ्या सारख्या आत्मविश्वासाने ओढलेल्या. स्लाइड तळघरातल्या कपाटात गेल्या होत्या आणि कागद बुधवारी सकाळी दवाखान्यांना रवाना झाले होते. साठांपैकी एकोणसाठ बायकांना खरी बातमी गेली होती आणि एकीला अर्धी.

गुरुवारी दुपारी तिने हे शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या पुतळ्याला सांगितलं. पुतळा हे अर्थातच मागून ठेवलेलं नाव. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत. साठीला आलेला हा गृहस्थ मान अजिबात वळवत नसे. कोणी हाक मारली की फिरत्या खुर्चीसकट अख्खा वळे, तोफ वळावी तसा, आणि उत्तर देऊन परत जागेवर येई. तो आता अख्खा तिच्याकडे वळला.

"हजारात वाईट किती निघतात?"

"चार."

"तुझी एक, तीही अर्धी. म्हणजे पाचशेत एक. पाचशेत एक म्हणजे काय? काही नाही."

"काहीतरी आहेच ना काका."

"अगं, रस्ता ओलांडताना याहून जास्त असतं. तू बंद केलंस का रस्ता ओलांडणं?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आणि हे बघ, तू सांगायला गेलीस की पहिला प्रश्न येणार, टिका कशा काय झाल्या. मग सगळ्यांच्या टिका निघणार. मला जायला दोन महिने उरलेत. मला निरोपाच्या भाषणात टिका नकोत."

"तुमचं नाव कशाला येईल?"

"खोलीचं येईल. खोलीत मी सगळ्यात जुना." आणि तो खुर्चीसकट परत गेला.

पाचशेत एक. ती संध्याकाळी बसथांब्यावर उभी राहून हा हिशेब घोळवत होती. हिशेबात खोट नव्हती, म्हणूनच तो त्रासदायक होता. खोट असती तर भांडता आलं असतं. थांब्यावर सात-आठ बायका होत्या. तिला फक्त क्रमांक आणि वय दिसतं, फॉर्मवर तेवढंच असतं, तेव्हा इथल्या कोणाची स्लाइड कधी आपल्या हाताखालून गेली असेल हे सांगता येणार नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे, म्हणजे गेल्या पाच महिन्यांच्या नेहमीप्रमाणे, त्यांच्या माना पाहिल्या. एकीची पिशवीच्या बाजूला कललेली. एकीची फोनमध्ये गेलेली. एक उंच मुलगी खांदे पुढे काढून, पाठीला पोक काढून उभी होती, आणि ते तिने लगेच ओळखलं, कारण ते तिचं स्वतःचं होतं. तेराव्या वर्षी ती अचानक वाढली. शाळेच्या फोटोत तिला मागच्या रांगेत मुलांबरोबर उभं केलं आणि फोटोवाला ओरडला, "ती लांबडी, जरा खाली हो!" ती खाली झाली. तो फोटो निघून कितीतरी वर्षं झाली, पण परत वर हो असं तिला कोणी सांगितलं नाही. लग्नाच्या फोटोत तिचं आणि नवऱ्याचं डोकं एका पातळीत आहे. नवरा तिच्याहून अडीच बोटं बुटका. फोटो पाहून सगळे म्हणतात, अगदी शोभतो जोडा. आणि त्या शोभण्याचा सगळा भार मानेच्या सहाव्या आणि सातव्या मणक्यावर आहे हे तिला कंगव्याच्या चित्रात दिसलं होतं. यात कोणाचा दोष नव्हता. नवऱ्याने तिला कधी वाक म्हटलं नाही. वाकणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही, तो समोरच्याची उंची बघतो आणि काम करून टाकतो. मायक्रोस्कोपसमोर ती पहिल्यांदा बसली तेव्हा खुर्ची उंच करायची दांडी तिला सापडली नव्हती. विचारलं असतं तर कोणीही दाखवली असती. तिने मान खाली केली, आणि डोळा बरोबर जागेवर आला.

बस आली. पोक काढलेली मुलगी चढली, मागोमाग ती चढली. तिला वाटलं, मुलीच्या खांद्यांवर तळवे ठेवून म्हणावं, हे कोणाचे आहेत? पण अनोळखी माणसाच्या खांद्यांना हात लावायला फिजिओचं शिक्षण लागतं.

रात्रीच्या जेवणाला तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. आता वळत होती. तो वरणात लिंबू पिळत होता, मिशी नसलेला, आणि ती मिशी नसण्याची अजून सवय झालेली नव्हती. तिने त्याला सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, म्हणजे मध्ये बोलला नाही, आणि हे तो वर्गात कधीच करत नसावा.

"मग आता?"

"साठही परत बघायच्या."

"साठ? आणि सापडली नाही तर?"

"तर उत्तमच की. सापडायला नकोच आहे."

"म्हणजे दिवसभर बसून जे सापडायला नको ते शोधणार."

"रोज तेच करते."

त्याने लिंबाची साल ताटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाला, "मानेचं काय पण?" आणि तिला त्याच्याबद्दल एकदम फार बरं वाटलं, कारण त्या प्रश्नात पाचशे नव्हते, टिका नव्हत्या, नुसती एक मान होती. "व्यायाम करून घेऊ आधी," तो म्हणाला. "मी सावकाश मोजीन." त्याने खरंच सावकाश मोजलं. क्रमांक दोन, कान खांद्याकडे. क्रमांक तीन, खांदे कानांपर्यंत उचला, धरा, सोडा. क्रमांक पाच, पाठीची पाती एकमेकांजवळ आणा, मध्ये पेन्सिल धरल्यासारखी. तिने पेन्सिल धरली आणि दहा आकडे ती पडू दिली नाही. पण क्रमांक तीनला तिच्या ध्यानात आलं, की उचलायला काही लागत नाही, धरायलाही नाही. सोडा म्हटल्यावर जे होतं त्यात मात्र खांदे नेहमी थोडे वर उरतात. ते सोडायचे कुठून हे चित्रातल्या टकल्यालाही दाखवता आलेलं नव्हतं.

तळघरातून स्लाइड काढायच्या तर चिठ्ठी लागते. चिठ्ठीत तारीख, स्लाइडचे क्रमांक, काढणाऱ्याची सही, आणि 'कारण' असा एक रकाना. त्या रकान्यात लोक 'फेरतपासणी' लिहितात, आणि तेवढ्यावर मोठ्या बाईंची सही होते. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टर, कागदांवर शेवटची सही त्यांची. अंगाने लहान, आवाजाने मध्यम, पण मोठ्या. शुक्रवारी सकाळी ती चिठ्ठी घेऊन बसली आणि 'फेरतपासणी' लिहिण्यासाठी पेन टेकवलं. ते खोटं नव्हतं. त्या शब्दावर पुतळाही खूश झाला असता: कोणाच्या टिका निघाल्या नसत्या, स्लाइड मुकाट्याने वर आल्या असत्या, मुकाट्याने खाली गेल्या असत्या. पेन तसंच टेकलेलं राहिलं आणि कागदावर शाईचा थेंब झाला. मग तिने लिहिलं, 'मान मोकळी झाली'. वाचून पाहिलं. तिला त्यात काही खोडण्यासारखं दिसलं नाही.

मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, परत वाचली. "हे काय आहे?"

"कारण."

"ते दिसतंय. अभिनंदन करायचं की सही?"

तिने सांगितलं. टायमर, कट्ट, गच्ची, चादर. चादर सांगायची गरज नव्हती, पण ती वगळली असती तर बाकीचं खरं वाटलं नसतं. टिकांपाशी ती अडखळली, आणि म्हणाली, "टिका मी एकदम करते. ट्रे संपल्यावर."

"तू करतेस."

"हो."

"बाकीचे नाही करत."

ती चिठ्ठीवरच्या शाईच्या थेंबाकडे पाहत राहिली. मोठ्या बाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "मी त्या खोलीत सहा वर्षं बसले आहे. काठावरच्या खुर्चीवर. आम्ही दुसरा चहा तेव्हाही घेत होतो." मग सही केली. "सोमवारपासून टिक एकेक. सगळ्यांनी. मी सांगते, तू सांगू नकोस. आणि टायमर वाजला तर वाजू दे. स्लाइड संपव, मग मान फिरव. मान काही मिनिटभराने रुसत नाही. उद्या सुट्टी आहे ना? उद्या बस. मीही येते, माझेही कागद तुंबलेत."

"काका म्हणाले, पाचशेत एक आहे."

"बरोबर आहे त्यांचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "गणित चांगलं आहे त्यांचं. सकाळी नऊला ये."

शनिवारी इमारत रिकामी होती. रिकाम्या इमारतीत यंत्रांचे आवाज मोठे होतात. फ्रिज घसा खाकरत होता, कुठेतरी नळ मिनिटाला एक थेंब या हिशेबाने गळत होता. तिने खुर्चीखाली हात घालून दांडी शोधली आणि खुर्ची वर घेतली. तीन ट्रे डाव्या हाताला मांडले. पहिली स्लाइड. पेशी निळ्या, गुलाबी, पारव्या, पाण्यावर पाकळ्या सांडाव्यात तशा पसरलेल्या, प्रत्येकीच्या मध्ये एक नीटस ठिपका. वरून खाली, जरा बाजूला, खालून वर. शेवटची ओळ. हात अंगासमोरून चार बोटं पलीकडे. टिक. दुसरी. ती प्रत्येक स्लाइडला मनाशी म्हणत होती, तू का? आणि प्रत्येक स्लाइड आपण ती नाही असं म्हणत होती, कारण अर्धी राहिलेली स्लाइडही पूर्ण पाहिली की इतरांसारखीच दिसते. अर्धेपणाचा तिच्यावर डाग नसतो. दहाव्या स्लाइडनंतर तिने विचारणं सोडलं. वीस झाल्या. मोठ्या बाईंनी दारातून डोकावून चहा ठेवला आणि गेल्या. मान ठीक होती. उजवीकडे वळत होती. गच्चीवर आज कोणी नव्हतं. तिला अगदी शांत वाटत होतं, आणि ही शांतता मंगळवारची तर नाही ना, म्हणून तिने फॉर्मवर नजर टाकली, मंगळवारच्या टिकेशेजारी आजची टिक होती.

सदतिसाव्या स्लाइडवर तिचा स्वतःचा निळा ठिपका होता. काही नोंदण्यासारखं दिसलं की काचेवर शाईचा असा ठिपका देतात. हा अगदी शेवटच्या ओळीच्या टोकाला होता, आणि फॉर्मवर मंगळवारच्या तिच्याच अक्षरात 'किरकोळ जंतुसंसर्ग' असं लिहिलं होतं. म्हणजे ही स्लाइड तिने टोकापर्यंत पाहिली होती. ही ती नव्हे. ती जरा सैलावली, आणि शेवटच्या ओळीतून ठिपक्याकडे जात असताना, ठिपक्याच्या थोडंसं अलीकडे, तिला त्या दिसल्या. आठ-नऊ पेशी, एकमेकींना चिकटून, लहान, आणि प्रत्येकीच्या मधला ठिपका नीटस नव्हता. काळपट, वाढलेला, कडेला कुरतडलेला. त्यांत शंकेला जागा नव्हती. शिकाऊ मुलगीही थांबली असती. ती मंगळवारी यांच्यावरून गेली होती, डोळे उघडे ठेवून, नियमाप्रमाणे, एकही ओळ न गाळता, आणि दोन पावलं पुढे जाऊन किरकोळ जंतुसंसर्गापाशी थांबली होती. मानेचं काय चाललं होतं तेव्हा? दुखत होती? टायमर वाजायचा होता की वाजून गेला होता? तिने हाताला विचारलं, खांद्याला विचारलं. या स्लाइडबद्दल कोणाला काहीच सांगायचं नव्हतं. हात पूर्ण पलीकडे गेला होता, ताण बसला होता, सगळं रीतसर झालं होतं.

ती मोठ्या बाईंकडे लगेच गेली नाही. उरलेल्या तेवीस स्लाइड तिने पाहिल्या, एकेक करून, एकेक टिक देत. त्यांत काही नव्हतं. मग ती सदतिसावी घेऊन आत गेली. आतल्या खोलीत दोघांनी एकदम पाहायचा मायक्रोस्कोप आहे. दोघी समोरासमोर बसल्या, दोघींनी डोळे लावले, आणि तिने बारीक बाण त्या पेशींवर नेऊन ठेवला.

"हो," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो."

"ही अर्धी राहिलेली?"

"नाही. ही पूर्ण पाहिली होती."

"कशावरून?"

"पुढे माझा ठिपका आहे."

मोठ्या बाईंनी मंच पुढे सरकवला, ठिपका पाहिला, परत मागे आणला. त्यांनी डोळा काढला नाही, तिनेही नाही. त्यामुळे एकमेकींचे चेहरे पाहायचं टळलं. "मग अर्धी कुठली?"

"कळलं नाही. आता सगळ्या पूर्ण आहेत."

तिला वाटत होतं, आत काहीतरी कोसळायला हवं. अर्ध्या राहिलेल्या स्लाइडची भीती तिने तीन दिवस सांभाळली होती. आता तिच्या जागी अठरा वर्षांच्या पूर्ण पाहिलेल्या स्लाइड उभ्या होत्या, तळघरात, कपाटांवर कपाटं, सगळ्यांवर टिका. पण काही कोसळलं नाही. समोर एकच स्लाइड होती आणि तिच्यावर बाण होता.

"मागचं मोजू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी एकदा मोजायला घेतलं होतं. सहा महिने मायक्रोस्कोपला हात लावता आला नाही. त्या सहा महिन्यांतल्या स्लाइड मग दुसऱ्या कोणीतरी पाहिल्या, माझ्याहून वाईट." त्यांनी फॉर्म ओढून घेतला. "वय एकेचाळीस. अजून फार पुढे गेलेलं दिसत नाही. वेळेत आहे. तीन वर्षांनी नसतं." शनिवारी दवाखाना चारपर्यंत उघडा असतो. त्यांनी फोन लावला, क्रमांक सांगितला, कागद बदलून येतोय, सोमवारीच बोलावून घ्या, घाबरवू नका पण टाळू देऊ नका, असं नेहमीच्या आवाजात सांगितलं. पलीकडून सिस्टर बराच वेळ काही बोलत होती. मोठ्या बाईंनी फोनवर हात ठेवला.

"त्या म्हणतायत, बुधवारी किरकोळ संसर्ग सोडता सर्व ठीक म्हणून कागद गेलाय, बाई पेढे वाटल्यासारखी खूश होऊन गेली. आता परत बोलावल्यावर ती विचारणारच, आधी कोणी पाहिली होती. काय सांगायचं? प्रयोगशाळा म्हणून सांगते मी. नाहीतरी कागदावर सही माझीच असते."

तसंच असतं. स्लाइड पाहणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर जात नाही. बायकांना ती माहीत नसते आणि तिला बायका. तिने हात पुढे केला. मोठ्या बाईंनी क्षणभर पाहिलं आणि फोन दिला.

"हॅलो. मी पाहिली होती. आधी आणि आज, दोन्ही वेळा मीच."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. "बरं. तसं लिहून ठेवते. नाव काय म्हणालात?"

तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, सिस्टरला लिहून घेता येईल अशा बेताने.